पुणे–सावंतवाडी प्रवासासाठी ४५ युनिटच्या ईव्हीची खरी रेंज किती धरायची? पेट्रोलशी तुलना कशी करायची?

प्रश्न – आंबोलीमार्गे

सध्या टर्बो पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, टाकी ४४ लिटरची. ती देऊन ४५ किलोवॅट-तास (म्हणजे ४५ युनिट) बॅटरीची, त्याच आकाराची ईव्ही घ्यायचा विचार आहे. पुण्यातलं रोजचं ३५-४० किमी, त्याची चिंता नाही. सोसायटीत चार्जर बसतोय. प्रश्न गावच्या वाटेचा आहे. पुणे–कोल्हापूर–निपाणी–आजरा–आंबोली–सावंतवाडी, साधारण पावणेचारशे किमी. वर्षातून सहा-सात खेपा, चार माणसं, सामान, मे महिन्यात एसी अखंड.

जाहिरातीत ४८९ किमी लिहिलंय. शोरूमवाला म्हणतो ३५० धरा. यूट्यूबवर कुणी २३० सांगतं, कुणी ३२०. पेट्रोल गाडी टाकी भरली की सावंतवाडीला पोचून परतीच्या निम्म्या वाटेपर्यंत येते. ईव्हीत नेमकं काय धरायचं, कुठे थांबायचं आणि किती वेळ? "एकदा घ्या, सवय होते" असली उत्तरं नकोत, आकडे हवेत.

उत्तर १ – वॅटतास

हे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या वेगाचे आहेत.

४८९ हा एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) या प्रमाणित चाचणीचा आकडा. ही चाचणी रोलरवर होते, एसी बंद, सर्वाधिक वेग ९०, आणि सरासरी पाहिली तर जेमतेम ३२-३३ किमी प्रतितास. त्या सरासरीने कोल्हापूरला जायला सात तास लागतील. नेक्सॉन ईव्ही ४५ च्या बाबतीत कंपनी स्वतःच 'सी-७५' नावाने ३५० च्या पुढचा दुसरा आकडा देते. शोरूमवाल्याचा आकडा तिथला आहे. पण तो शहर आणि हायवे असा मिश्र वापर धरून आहे. तुमच्या कामाचा आकडा निव्वळ हायवेचा.

या आकाराची गाडी, चार माणसं, एसी चालू, सपाट रस्ता, वारा नाही, असं धरून हिशेब मांडला तर साधारण असं येतं:

८० चा स्थिर वेग – किमीला १५० वॅट-तास – पूर्ण बॅटरीत ३०० किमी
९० – १७० – २६५ किमी
१०० – १९० – २३५ किमी
१२० – २४५ – १८५ किमी

वेग दीडपट केला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो, त्यामुळे ८० वरून १२० वर गेलात की रेंज जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली येते. समृद्धीवर मर्यादा १२० आहे म्हणून १२० नेच चालवणारे लोक ज्या तक्रारी करतात, त्यांचं मूळ इथे आहे. हे गणित पेट्रोल गाडीलाही लागू पडतं, फक्त तिथे ते झाकलं जातं. इंजिन हळू चालवताना फारच अकार्यक्षम असतं. भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते आणि हवेचा वाढीव खर्च अंशतः भरून निघतो. ईव्हीची मोटर मुळातच ८५-९० टक्के कार्यक्षम, सुधारायला जागाच नाही. म्हणून वाढीव वेगाचा सगळा खर्च मीटरवर दिसतो.

एक तुलना डोक्यात ठेवा. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे तुमच्या ४४ लिटरच्या टाकीत जवळपास ३९० युनिट, आणि ईव्हीत ४५. ईव्ही पाच लिटर पेट्रोलएवढ्या ऊर्जेवर २६५ किमी जाते. कार्यक्षमता अफाट, पण टाकी चिमुकली. त्यामुळे ती कशी वापरली त्याचा फरक लगेच जाणवतो.

आता मुख्य मुद्दा. पूर्ण बॅटरीची रेंज हायवेवर वापरताच येत नाही. घरून १०० टक्क्यांवर निघालात तर १५ टक्क्यांपर्यंतच जायचं, म्हणजे ८५ टक्के, ३८ युनिट. ९० च्या वेगाला हा पहिला टप्पा २२५ किमी. वाटेत डीसी (जलद) चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे भरण्यात अर्थ नसतो, कारण तिथून पुढे गाडी स्वतःच करंट कमी करत जाते. म्हणजे दुसऱ्या टप्प्याला ८० ते १५, ६५ टक्के, २९ युनिट, १७० किमी. पेट्रोलशी तुलना करताना हेच दोन आकडे घ्या: पहिला टप्पा २२५, पुढचे प्रत्येकी १७०. जाहिरातीतला आकडा कागदावर राहू द्या.

वरच्या आकड्यांत वजावट करणाऱ्या गोष्टी: टपावरचं कॅरियर सामानासकट लावलं तर १० ते २० टक्के. भर पावसात पाणी साचलेला रस्ता ५ ते १० टक्के. टायरमध्ये हवा सहा-सात पीएसआय कमी असेल तर ३-४ टक्के. एसी वरच्या आकड्यांत धरलेलाच आहे, त्याला लोक नाहक घाबरतात. हायवेवर तो सरासरी १ ते १.५ किलोवॅट खातो. ९० च्या वेगात १ किलोवॅट म्हणजे किमीला ११ वॅट-तास, सहा-सात टक्के. तोच एसी शहरात १५ च्या सरासरीने रांगताना किमीला ६५ पडतो. उन्हात तापलेली गाडी थंड करताना पहिली दहा मिनिटं ३ किलोवॅटही जातात. ते काम गाडी चार्जरला लावलेली असताना, निघण्याआधी करून घ्या.

उत्तर २ – टाकीफुल्ल

ईव्हीच्या विरोधात नाही, पण पेट्रोलची बाजू नीट मांडली जावी म्हणून.

प्रमाणित आकडा आणि प्रत्यक्ष यांतली दरी पेट्रोललाही तेवढीच आहे. कागदावर १७-१८ असलेली टर्बो पेट्रोल पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून १०-११ देते, हायवेला ९० ने १५-१६. शहरात ४० टक्के घट! कुणी बोंब मारत नाही, कारण पंप कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. हायवेचे १५ धरले तर ४४ लिटरला ६६० किमी; रिझर्व्हचे पाच-सहा लिटर सोडले तरी ५७०. म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि हे कोणत्याही ४५ युनिटच्या गाडीला जमणार नाही.

खरा फरक भरायच्या वेगाचा. पंपावर रांग धरूनही पाच-सात मिनिटांत ५०० किमीची सोय होते. ३० किलोवॅटच्या डीसी चार्जरवर एका तासात प्रत्यक्षात २६-२७ युनिट पडतात, म्हणजे हायवेचे १५०-१६० किमी. सीएनजीवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये ८-९ किलो गॅस, दोनशेच्या आसपास किमी, वर पंपावर अर्धा तास रांग. फरक एवढाच की त्यांच्याकडे पेट्रोलची टाकीही असते.

एका ठिकाणी मात्र ईव्ही सरस आहे: गणपतीतली कोंडी. उभ्या पेट्रोल गाडीत एसी चालू ठेवला की तासाला पाऊण ते एक लिटर जातं. ईव्ही उभी असताना फक्त एसी आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स, तासाला १ ते १.५ युनिट, दोन-तीन टक्के. घाटात चार तास अडकलात तर ईव्हीचे दहा-बारा टक्के जातील. म्हणून "ट्रॅफिकमध्ये बॅटरी संपेल" ही भीती बिनबुडाची आहे. भीती ठेवायचीच असेल तर मोकळ्या रस्त्यावर १२० ने जाताना ठेवा.

आणि चार्ज संपून गाडी थांबलीच तर दोरीने ओढायची नाही. मोटरला जोडलेलं चाक जमिनीवर फिरलं की मोटर जनरेटर होते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवायचा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेताना 'फ्लॅटबेड' हा शब्द आहे का, ते वाचून घ्या.

उत्तर ३ – घाटवळण

तुमच्या मार्गाचं गणित मांडतो. अंतरं गोळाबेरीज धरली आहेत: पुणे–कराड १६०, पुणे–कोल्हापूर २३५, कोल्हापूर–आंबोली ११५, आंबोली–सावंतवाडी ३०.

जाताना ९० ने गेलात तर कोल्हापूरपर्यंत ४० युनिट, म्हणजे ८९ टक्के. पोचताना ११ टक्के उरतील. कागदावर जमतं, प्रत्यक्षात समोरून वारा आला किंवा खंबाटकीच्या अलीकडे वळसा पडला की घाम फुटेल. तोच पल्ला ८० ने गेलात तर ३५ युनिट, कोल्हापुरात २२ टक्के शिल्लक. वेळेतला फरक जेमतेम २० मिनिटं. त्यामुळे दोन पर्याय:

एक, ८० ने जाऊन थेट कोल्हापूर, जेवणाच्या वेळेत एकच चार्जिंग. पुढच्या १४५ किमीला सगळे मिळून १७-१८ युनिट लागतात, कारण निपाणी सोडल्यावर वेग आपोआप ५०-६० वर येतो आणि खर्च किमीला १३०-१३५ होतो. २० वरून ६५ टक्के केलं की पुरे: ३० किलोवॅटवर पाऊण तास, ६० वर पंचवीस मिनिटं. सावंतवाडीत २५ टक्क्यांच्या आसपास उतराल.

दोन, ९० ने जाऊन कराडला थांबा. ६० टक्के खर्चून ४० वर पोचाल. तिथे ८० पर्यंत भरा, मग कोल्हापूरला चहापुरतं पुन्हा पंधरा-वीस मिनिटं. एकूण वेळ जवळपास पहिल्या पर्यायाएवढाच जातो, आणि मुलांना दोनदा थांबायचंच असेल तर हा बरा.

आंबोलीचा घाट. वर ६९० मीटर, खाली सावंतवाडी शंभरच्या आसपास, म्हणजे ५९० मीटर उतार. भरलेली गाडी १८५० किलो धरली तर ही ३ युनिट ऊर्जा होते. ती सगळी परत बॅटरीत जात नाही. टायर आणि हवा आपला वाटा घेतात. मुख्य उतारावर दोन-तीन टक्के वाढतात आणि पुढच्या सपाटीवर ते खर्चून जातात. म्हणजे आंबोलीहून सावंतवाडी जवळपास फुकट. रीजेन (पाय उचलल्यावर मोटरनेच वेग कमी करून ती ऊर्जा बॅटरीत भरणं) सर्वांत वरच्या पायरीवर ठेवा, ब्रेकही तापणार नाहीत. एकच अट: घाटमाथ्यावर बॅटरी ९५-१०० टक्के भरलेली नको. भरलेल्या बॅटरीत ऊर्जा घ्यायला जागा नसते, गाडी रीजेन कमी किंवा बंद करते आणि नेहमीच्या अंदाजाने पाय उचलला तर गाडी अपेक्षेपेक्षा पळते. धुक्यात हे लक्षात ठेवावंच लागतं.

परतीला उलटं. सावंतवाडी–आंबोली या ३० किमीला ७ युनिट, म्हणजे १५-१६ टक्के! पहिल्यांदा हा आकडा पाहून लोक आजऱ्यात चार्जर शोधायला लागतात. घाबरू नका, माथ्यावर पोचल्यावर खर्च पुन्हा १३५ वर येतो. १०० टक्क्यांवर निघालात तर कोल्हापूर पार करताना ४८-४९ टक्के असतील. तिथे न थांबता सरळ कराड गाठा, २० टक्क्यांवर पोचाल. २० वरून ८० करायला ३० किलोवॅटवर तास, ६० किलोवॅटवर ३०-३५ मिनिटं (गाडी तेवढा करंट घेत असेल तर). उरलेल्या १६० किमीला ६० टक्के. पुण्यात २० टक्क्यांवर दाखल.

चार्जर निवडताना पाटीवरच्या आकड्याला भुलू नका. बऱ्याच ठिकाणी ६० किलोवॅटचं यंत्र असतं, गन (गाडीला लावायचे प्लग) दोन. दुसरी गाडी लागली की प्रत्येकी ३०. जिथे एकच यंत्र आहे तिथे भरवसा ठेवू नका. दोन-तीन यंत्रं असलेली जागा थोडी लांब असली तरी ती धरा, आणि २५-३० किमीच्या आत दुसरी जागा हेरून ठेवा. प्लगशेअर या चार्जर शोधायच्या अ‍ॅपवर 'शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी' ते पाहा. चार दिवसांपूर्वीचं असेल तर फोन करूनच निघा. अ‍ॅप आणि वॉलेटमधले पैसे घरीच भरून ठेवायचे, कारण ओटीपी नेमका तिथे येत नाही. यंत्र मेल्यासारखं दिसलं तर आधी लाल इमर्जन्सी बटण पाहा. कुणीतरी गंमत म्हणून दाबलेलं असतं. फिरवून वर आणलं की दोन मिनिटांत यंत्र सुरू होतं. गन अडकली तर ओढाताण नको. अ‍ॅपमधून चार्जिंग संपवा, गाडी किल्लीने लॉक-अनलॉक करा, अर्धा मिनिट थांबा. तरी नाही निघाली तर पोर्टजवळ किंवा बॉनेटखाली हाताने सोडवायची केबल असते. तिची जागा मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवा.

आंबोलीमार्गे

हे हवं होतं. अजून एक. परतीचं सगळं गणित गावाहून १०० टक्क्यांवर निघण्यावर उभं आहे. गावचं घर जुनं, वायरिंग वीस वर्षांपूर्वीचं, व्होल्टेज संध्याकाळी १९० च्या खाली. ओटीवर १५ अँपिअरचा सॉकेट आहे, पूर्वी पाण्याची मोटर लावायचो. गाडीबरोबरची पोर्टेबल केबल तिथे चालेल का?

उत्तर ४ – जांभा_अर्थिंग

सॉकेट आहे तसा वापरू नका. मोटर दहा मिनिटं चालते; गाडी १४ अँपिअर सलग बारा-चौदा तास ओढते. जुन्या सॉकेटची पितळी पकड सैल झालेली असते, तिथे आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिक वितळतं.

मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, तीन कोअर. सुरुवातीला २० अँपिअरचा डबल पोल आरसीबीओ (करंट गळला किंवा जास्त झाला की आपोआप तुटणारा स्विच), ३० मिलीअँपिअर, टाइप ए. टोकाला १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट, पावसाच्या झोतापासून आत. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालतो, चटका बसला तर बंद करा आणि स्क्रू आवळा.

मंजूर भार किती ते बिलावर पाहा. गावात अनेक घरांना एक-दोन किलोवॅटच असतो. महावितरणकडे अर्ज करून तो पाचपर्यंत वाढवून घ्या, नाहीतर सर्व्हिस वायरच कमी पडेल आणि व्होल्टेज आणखी पडेल.

वेळेचा हिशेब: २५ वरून १०० करायला ३४ युनिट बॅटरीत, चार्जरमधली घट धरून मीटरवर ३८. २३० व्होल्टला ताशी सव्वातीन युनिट, म्हणजे बारा तास. १९० व्होल्टला साडेचौदा. व्होल्टेज फार खाली गेलं तर केबल स्वतःच बंद पडते आणि मध्यरात्री लाइट जाऊन आल्यावर काही केबल आपोआप सुरू होत नाहीत. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीवर विसंबू नका. पोचलात की लगेच लावा आणि ९० वर थांबवा. उरलेलं शेवटच्या रात्री.

कोकणात खरी कटकट अर्थिंगची. जांभ्यात खड्डा केलेला असेल तर पावसाळ्यात तो उत्तम चालतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. मग गणपतीत बिनबोभाट चार्ज झालेली गाडी मे महिन्यात त्याच सॉकेटवर 'अर्थ फॉल्ट' दाखवते आणि दोष गाडीला दिला जातो. मल्टीमीटर लावा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थ ५ व्होल्टच्या आत. जास्त येत असेल तर तीन मीटरचा तांबं चढवलेला रॉड, भोवती बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं) भरण, वर झाकणाचा खड्डा, आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी त्यात बादलीभर पाणी. रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आला पाहिजे. विहिरीजवळ किंवा न्हाणीचं पाणी जातं तिथे रॉड मारला तर निम्मं काम आपोआप होतं.

यावर 'जुगाड' सांगणारे भेटतील: प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, गाडी लगेच चार्ज व्हायला लागते. लागते खरी. पण खांबावर न्यूट्रल तुटला की परतीच्या वाटेने फेज येतो आणि गाडीचं सगळं पत्र्याचं अंग जिवंत होतं. अंगणात ओल्या पायाने कुणी दाराला हात लावला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. आणि विजा चमकत असताना प्लग काढून ठेवा.

उत्तर ५ – टक्के_बघा

सगळ्यांनी युनिट सांगितले, ते गाडीत कुठे पाहायचे ते राहिलं. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात दिसणारे उरलेले किमी हे मागच्या चालवण्यावरून काढलेले असतात. आठवडाभर पुण्यात चालवल्यावर ती गाडी १०० टक्क्यांना ३७० दाखवेल, आणि कात्रजच्या पुढे एका किमीला दीड-दोन किमी कमी व्हायला लागतील. बिघाड काही नाही. निघताना ट्रिप 'बी' शून्य करा आणि दोनच गोष्टी पाहा: बॅटरीचे टक्के आणि त्या ट्रिपचा सरासरी वॅट-तास प्रति किमी. ४५ युनिटमध्ये एक टक्का म्हणजे ४५० वॅट-तास. सरासरी १७० असेल तर टक्क्याला २.६ किमी, १५० असेल तर ३. साताऱ्याजवळ हा भागाकार केलात की कोल्हापूर गाठणार की कराडला वळायचं ते तिथेच ठरतं.

बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर महिन्यातून एकदा घरच्या साध्या, हळू चार्जरवर पूर्ण १०० करा आणि करंट आपोआप थांबेपर्यंत काढू नका. या पेशींचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे गाडीचा अंदाज हळूहळू सरकतो. महिनोन्महिने ३० ते ८० मध्येच फिरवलेल्या गाडीत १४ टक्के दिसताना एकदम ७ वर येण्याचे प्रकार त्यामुळेच होतात. लांबच्या खेपेआधीच्या आठवड्यात हे करून घ्या.

जुनी झाल्यावर काय, हेही धरून चाला. बऱ्याच कंपन्यांची बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी असते, पण ती क्षमता ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली तरच लागू होते. तो टक्का करारात वाचा. समजा काही वर्षांनी १० टक्के घट झाली, तर ४५ चे ४०.५ युनिट उरतील आणि ८० ने कोल्हापूर गाठताना २२ ऐवजी १३ टक्के शिल्लक राहतील. तेव्हा पहिला पर्याय सोडून कराडला थांबायचा दुसरा धरावा लागेल.